मोकळ्या रस्त्यावरचे ब्रेक

गाडी माझी आणि चालक माझे वडील, अशी आमची व्यवस्था. मलाही चालवता येते. पण शेजारच्या सीटवर अण्णा जो श्वास रोखून बसतात, त्यापेक्षा त्यांनाच चालवू दिलेलं बरं. तीस वर्षं सरकारी लाल बस चालवून निवृत्त झाल्यापासून ते श्रीवर्धनच्या घरात नुसते बसून असत. रोज सकाळी मला मी शिकवते त्या दिवेआगरच्या शाळेत सोडणं, एवढंच काम त्यांना उरलं होतं.

त्यात गाडीच्या कंपनीचा निरोप आला. गाडी आपोआप चालवणारं नवं सॉफ्टवेअर आधी मोजक्याच चालकांना वापरून बघायला देणार होते. महिनाभर मोबाइलमधलं अ‍ॅप तुमचं चालवणं बघणार, गुण देणार आणि सगळ्यात सावध असतील त्यांची निवड होणार. गाडी चुकली तर क्षणात सावरणारा माणूस त्यांना हवा होता. "मी करतो," अण्णा म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दाढी करायला लागले. निवड त्यांची व्हायची होती, झोप माझी उडाली. त्यांना पुन्हा कुणीतरी चांगला ड्रायव्हर म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

वेग बेताचा, वळणं अलगद, पुढच्या गाडीपासून अंतर नेमकं. घोडं पेंड खात होतं ते ब्रेकपाशी. वाटेतल्या कोळीवाड्याच्या गल्लीतून माशांची पाटी घेऊन एखादी बाई बाहेर पडे, हात वर करी आणि अण्णांचा पाय थेट ब्रेकवर; अ‍ॅपमधले गुण कमी. हात दाखवला की बस थांबवायची, हे त्यांच्या पायात इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायची सोयच नव्हती. मग बाई मागच्या सीटवर, पाटी डिकीत आणि मी वर्गात बोंबलांच्या वासासकट.

"अण्णा, महिनाभर तरी थांबू नका हो!" मी ओरडले.

"न्हाय थांबत," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी थांबले.

महिना संपल्यावर कंपनीतून एका मुलीचा फोन आला. अण्णांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, तुमचं चालवणं फार छान आहे. तुम्हाला घ्यायची आमची इच्छा आहे. फक्त एवढे जोरात ब्रेक का लागले, तेवढं सांगा. गाडीच्या कॅमेऱ्यात तर रस्ता मोकळा दिसतोय."

मी घाईघाईने वहीत 'कुत्रं आडवं आलं' असं लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं. अण्णांनी ते वाचलं आणि वही बाजूला सारली.

"बाई उभी व्हती," ते म्हणाले. "हात दाखवत व्हती."

"पण ती कडेला होती ना, काका? आमची गाडी तिथे थांबलीच नसती."

"मंग ती बाजारात कशी पोचायची?"

"बरं, तसं लिहून घेते," ती म्हणाली. निवड हुकली, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनाही कळलं असणार. मला त्या वहीतल्या ओळीची लाज वाटली आणि अण्णांबद्दल इतकी माया दाटून आली की मी त्यांचा हात धरून बसले.

"मला घेतलं न्हाय तरी चालंल, पोरी," ते म्हणत होते. "पन त्या गाडीला तेवढं थांबायला शिकवा."