पहिली धार जाळताना

नवऱ्याची बदली चेन्नईजवळच्या आवडी या गावी, संरक्षण कारखान्यात झाली, म्हणून मी इकडे आले. रसायनशास्त्राची पदवी होती, म्हणून गुम्मिडिपूंडी गावापलीकडच्या एका छोट्या डिस्टिलरीत लागले. साताऱ्याला आईला मात्र ‘औषधाची कंपनी’ एवढंच सांगितलं होतं.

रासायनिक खत न घालता वाढवलेल्या उसाची काकवी आंबवून तिथे पांढरी रम काढत. मालकांचे नियम कडक होते. मळी ओढ्यात सोडायची नाही, शेणात मुरवून ऊसवाल्यांनाच खत म्हणून परत द्यायची. बाटल्या धुऊन पुन्हा वापरायच्या. आणि बाटल्या तपासायला आसपासच्या गावातल्या बायका घ्यायच्या, त्यातही ज्यांचे नवरे दारूपायी गेले त्यांना आधी. मालक म्हणायचे, “दारू करतो हे खरं. पण कुणाच्या घरावर नांगर फिरवून करायची नाही.”

तपासणीच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीशी काचेआड पांढरे दिवे होते आणि त्यांच्यासमोर बायका ओळीनं बसत. भरलेली बाटली उजेडावर धरायची, उलटी करायची, कण तरंगताना दिसला की बाजूला काढायची. त्यातल्या एकीला मी अक्का म्हणायचे. माझं मोडकं तमिळ ऐकून बाकीच्या हसायच्या, ती हसायची नाही. सावकाश बोलायची, मला समजेल असं.

तिच्या नवऱ्याची गोष्ट तिनं मला चहाच्या सुट्टीत सांगितली. कुठल्याशा रंगाच्या कारखान्यातून चोरलेलं स्पिरिट कुणीतरी गावठी दारूत मिसळलं होतं. ती प्यायल्यावर दुसऱ्या सकाळी तो उंबऱ्यावर बसला होता. ऊन त्याच्या मांडीवर पडलं होतं. आणि तो सारखा म्हणत होता, “विळक्कु पोडु.” दिवा लाव.

“मी चिडले,” अक्का म्हणाली. “म्हटलं, दिवसाढवळ्या कसला दिवा? मग त्यानं माझा चेहरा चाचपला.”

संध्याकाळपर्यंत तो गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, मी नमुने घ्यायला तपासणीच्या खोलीत गेले आणि वीज गेली. वीज जाणं नवं नव्हतं, जनरेटर लागेपर्यंत थांबायचं. अंधारात बाटल्या ठेवल्याचे आवाज झाले, मग सगळं शांत. आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, “विळक्कु पोडु.”

हळू, थकलेला, पुरुषाचा वाटावा असा आवाज.

दिवे आले तेव्हा खोलीत आम्ही बायकाच होतो. कुणी बोललं असेलही. वीज गेल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? पण मी एकेकीचा चेहरा पाहिला आणि जी ती दुसरीकडेच पाहत होती. अक्का तेवढी समोरच्या दिव्याकडे बघत होती, पापणी न हलवता. हातातली बाटली तिनं घट्ट छातीशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

“मॅडम, यातही ते असतं का? त्याला लागलं ते?”

आमच्या साताऱ्याकडे पिणाऱ्यांत ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचं कौतुक होतं, ती भट्टीतून सर्वांत आधी उतरणारी धार इथे आम्ही बाटलीत जाऊच देत नसू. तिला उग्र वास असतो आणि नको ते सगळं तिच्यात आधी उतरतं. ती वेगळी काढून कुलुपात ठेवायची आणि जाळायची, म्हणजे ती चोरून बाहेर विकली जाणार नाही. हे सगळं मी अक्काला सांगितलं. तिचा नवरा प्यायला ते याहून फार वेगळं, हेही सांगितलं.

“जाळताना मला दाखवा,” ती म्हणाली.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, “दाखवा. सगळ्यांनाच दाखवा.”

मागच्या अंगणात लोखंडी परातीत ती धार ओतली. बायका लांब उभ्या राहिल्या. रखवालदारानं लांब काठीच्या टोकाला पलिता बांधून परातीला लावला. भर उन्हात ज्योत दिसेचना. फक्त परातीवरची हवा थरथरत होती आणि पलीकडची भिंत पाण्यात पाहिल्यासारखी हलत होती. एक बाई पदर तोंडाला लावून मागे सरली. अक्का पुढे गेली. मी हाक मारली तरी थांबली नाही. धग लागेल इतक्या अंतरावर तिनं तळहात पुढे केला आणि तसाच ठेवला.

परात कोरडी होईपर्यंत ती तिथेच उभी होती.

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या शेजारी जेवायला बसली. दहीभाताचा डबा उघडून बराच वेळ तिनं हात लावला नाही. मग विचारलं, “तुमचे मालक पितात?” मालक म्हणजे माझा नवरा.

“नाही.”

“बरं आहे.” तिनं एक घास घेतला. “तरी विचारत जा, काय दिसतंय म्हणून.”

संध्याकाळी आवडीच्या क्वार्टरमध्ये नवरा गॅलरीत पेपर वाचत होता. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, “काय दिसतंय?”

“काय दिसायचंय? तू,” तो हसून म्हणाला.

पुढे मी रोज विचारायला लागले. आधी त्याला गंमत वाटली, मग तो वैतागला. एकदा झोपेतून उठवून विचारलं तेव्हा त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “अगं, घाबरतेस कशाला एवढी?”

मी हात सोडवून घेतले आणि दिवा लावला.