डीपी आपली, ऑटो आपापला

सौंसरजवळच्या आमच्या शेतांत सात मोटारींमध्ये एक ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला सगळे डीपी म्हणतात. सातवी मोटार साऱ्या गावाच्या मावशीची, लाइनीच्या अगदी शेवटच्या खांबावर. मावशीनं जन्मभर दुसऱ्यांच्या बगिच्यात संत्री तोडली आणि म्हातारपणी अर्ध्या एकरात स्वतःची झाडं लावली. पाच वर्षं जपली. यंदा पहिलाच बहार धरला, लिंबाएवढी फळं लागली आणि ऐन वैशाखात डीपी जळली.

बिजली ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "डीपी सरकारी आहे, हात लावाल तर केस होईल."

"बरं, मग बदलून द्या."

"उतरवून घेऊन या ना, गुरुजी. आमच्याकडे गाडी कुठे आहे?"

घ्या! हात लावायचा नाही आणि उचलून आणायची! सारी उमर मास्तरकीत गेली, पण असा धडा मी कधी शिकवला नाही. शेवटी आम्हीच उतरवली, ट्रॉलीत घालून पोचवली, आठ दिवस चकरा मारल्या तेव्हा कुठे दुसरी मिळाली. तेवढे दिवस मावशी विहिरीतून शेंदून एकेका झाडाला पाणी घालत होती.

डीपी चढवली त्या दिवशी तिथंच बैठक झाली. एक जण म्हणाला, "खाजगी करून टाका न बावा, कटकट जाते."

माझं डोकंच फिरलं. "अन् खाजगीवाला पहिले शेवटचा खांब सोडीन! अर्ध्या एकरासाठी कोन तार वढते? ऑफिस काम करत नसंल तं त्याले धारेवर धरा. डीपी सरकारची म्हंजे आपली आहे. अन् जाळली कोनं? आपनच न!"

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे मोटारीला ऑटो लावून ठेवतात. लाइन आली की मोटार आपोआप सुरू, शेतात जायचा ताप नाही. सहाही मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डीपीचा जीव जातो. ऑटो नव्हता तो फक्त मावशीकडे. मग ठरलं की सगळ्यांनी ऑटो काढायचे, पाळीनं मोटारी लावायच्या, पहिली पाळी मावशीची. "हाव, हाव," सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन यायच्या वेळी मी बांधावर जाऊन उभा राहिलो, बाकीच्यांवर नजर ठेवायला. लाइन आली. खटाखट स्टार्टर पडले, मोटारी गुरगुरल्या आणि डीपीतून धूर निघाला. मी मोजल्या होत्या. सहा. त्यातली एक माझी होती.

दुसरे ऑटो काढतील याचा भरवसा नव्हता, म्हणून मी माझा राहू दिला होता. बाकीच्या पाचांनीही हेच केलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःचीच इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मावशी तिच्या स्टार्टरपाशी उभी होती. "मी तं अजून बटन दाबलंच नाई, गुरुजी," ती म्हणाली.

या वेळी शेंदलेलं पाणी पुरलं नाही, चार दिवसांत तिची फळं गळून गेली. आम्ही पुन्हा डीपी उतरवायला जमलो, तर मावशी सगळ्यांच्या आधी येऊन दोरी धरून उभी.

"राहू द्या मावशी, तुमचा काय संबंध?" मी म्हटलं.

"काहून?" तिनं दोरी सोडली नाही. "आपली आहे म्हनत होते न तुमी?"