साडूभाऊंचे तीस सेकंद

प्रश्न पूर्ण विचारून व्हायच्या आधी उत्तर देऊन मोकळा होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला! राळेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. पण ती झाली नोकरी. त्यांचा खरा धर्म टीव्हीवरचा प्रश्नांचा कार्यक्रम. सूत्रसंचालकानं "भारतातलं सर्वात..." एवढं म्हटलं की साडूभाऊ खुर्चीतून अर्धे उठत, ओरडून उत्तर सांगत आणि मग चार पर्याय येईपर्यंत विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघत. स्पर्धक जरा अडखळला की त्यांचा जीव कासावीस. "बोल ना बे! इतका कायचा इचार करून राह्यला? शाळेत गेलता का नाई?" स्पर्धक चुकला तर हा माणूस ताटावरून उठून अंगणात येरझारा घाली, जणू घरचंच पोरगं नापास झालं.

ती भारनियमनाची वर्षं. कार्यक्रम सुरू व्हायला आणि वीज जायला एकच मुहूर्त. साडूभाऊंनी त्यावर तोड काढली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि तिच्यावर छोटा टीव्ही चालवला. सकाळी ट्रॅक्टर काही केल्या सुरू होईना, पण शेजारी भांडणार कोणत्या तोंडानं? तोही सगळा वेळ आमच्याच सतरंजीवर बसून उत्तरं सांगत होता. माझ्या पुतण्यासाठी बोरी अरबला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा स्वयंपाक येतो का वगैरे विचारायचं सोडून यांनी विचारलं, "जगातलं सर्वात लहान पाखरू कोनतं?" मुलीनं पटकन सांगितलं, "हमिंगबर्ड. आन् सर्वात मोठं शहामृग, ते नाई इचारलं तुमी?" साडूभाऊंनी मांडीवर थाप मारली आणि "पोरगी पसंत हाय!" असं जाहीर करून टाकलं. मुलाच्या बापानं, म्हणजे माझ्या भावानं, अजून पोह्यांना हातही लावला नव्हता. लग्न झालं, आणि संसार झकास चालला आहे.

असा हा उतावळा माणूस केंद्रावर गेला की निराळाच होई. कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले, फाटकाबाहेर बंड्यांची रांग, बैल उभ्या उभ्या पेंगताहेत आणि माणसं चिडलेली. ग्रेडरच्या एका शब्दावर वर्षाची मेहनत वर किंवा खाली जायची. साडूभाऊ बंडीच्या वरचा, मधला आणि तळाचा पुंजका काढत, धागा उजेडात धरून हळूच ओढत आणि दहा प्रश्न विचारत. कोणता वेचा, पहिल्या वेचणीचा की शेवटच्या? दव असताना वेचला का? घरात किती दिवस होता? एकदा मी कंटाळून घड्याळ पाहिलं, तर बंडीवरचे म्हातारबा मलाच म्हणाले, "घेऊ द्या येळ. गडबडीत सांगनारा लुबाडते, बाप्पा." बाजूचं टेबल मोकळं असलं तरी लोक यांच्याच रांगेत थांबायचे.

या माणसाची एकच इच्छा होती. एकदा तरी आपण त्या कार्यक्रमात बोलावं. चार वर्षं ते एसटीडी बूथवरून फोन लावत होते; आधी स्वतःच्या नावानं, मग घरातल्या एकेकाच्या नावानं, माझ्यासुद्धा. शेवटी निवड झाली ती ताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची! माझी बायको धाकट्या बहिणीच्या नात्यानं सोबत मुंबईला गेली. साडूभाऊंच्या वाट्याला आलं अडलेल्या प्रश्नाला घरून फोनवर तीस सेकंदांत मदत करणं. पण त्यांना तेही स्वर्गासारखं. "देशभर आवाज जाईन, साडूभाऊ!" असं त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं.

चित्रीकरणाच्या दुपारी अर्धी गल्ली त्यांच्या घरात. साडूभाऊ इस्त्रीचा सदरा घालून घरी नुकत्याच आलेल्या फोनसमोर. दिसणार कोण होतं, पण आंघोळही दोनदा केली. फोन वाजला तेव्हा मीच दचकलो. तीस सेकंद सुरू झाले आणि ताईंचा आवाज आला, इतका मोठा की सगळ्यांना ऐकू गेला: "अहो, ऐका. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये टाकून सरकी काढली त साधारन किती किलो रुई निघते? चौदा, चौतीस, चौपन्न, चौऱ्याहत्तर?"

घरात आनंदाची लाट उसळली. प्रश्न कापसाचा, आणि विचारला कोणाला! शेजाऱ्यानं तर तीन बोटं अन् मग चार बोटं नाचवायला सुरुवात केली. साडूभाऊंनी मात्र रिसीव्हर नीट धरला, डोळे बारीक केले आणि शांतपणे विचारलं, "कापूस कोनत्या वेच्याचा?"

"ते नाई देल्लं! लौकर सांगा!"

"अवं, असं कसं? पहिल्या वेच्याचा वेगळा पडते, मागून येनाऱ्या फरदडीचा वेगळा. ओल किती हाय?"

"अहो, साधारन!"

"साधारन म्हनजे मंग वान कोनतं ते त..." आणि फोन कट झाला.

साडूभाऊ रिसीव्हर कानाला लावून तसेच बसले होते. मग हळूच म्हणाले, "चौतीस."

दोन दिवसांनी दुपारी आम्ही दोघे ताईंना घ्यायला बसस्टँडवर गेलो. ताईंनी त्या प्रश्नाला चौतीस सांगितलं होतं आणि पुढचं उत्तर चुकल्यामुळे बाहेर पडल्या होत्या. साडूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माह्यं. मले येत होतं, पन तोंडातून निघालंच नाई."

"मले बी येत होतं," ताई म्हणाल्या. "ग्रेडरची बायको हावो मी. चौदा अन् चौतीस समजत नाई काय?"

"मंग फोन काहून लावला?"

ताईंनी पदर सारखा केला. "चार वर्सं झाले, तुमी त्या टीव्हीच्या डब्ब्याशी बोलून राह्यले. म्हनलं, एक डाव त्यानं बी तुमचं आयकावं."

साडूभाऊंनी ताईंच्या हातातली पिशवी घेतली आणि ते चालू लागले. मी मागून माझ्या बायकोबरोबर येत होतो. खरं सांगतो, इतकी वर्षं मी त्या माणसाला हसलो, पण त्या दुपारी मला त्याचा फार हेवा वाटला.