हवाईबाईचा डावा खांदा

इमारतीत तिला सगळे हवाईबाई म्हणतात. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे तिला हे लग्न होऊन आल्यापासून ठाऊक आहे. तिची विमान कंपनी बंद पडली त्या आठवड्यात तळमजल्यावरच्या वकिलीणबाईंनी 'जमीनबाई' असं नवं नाव काढून पाहिलं, पण ते रुजलं नाही. (वकिलीणबाईंचा वकिलीशी संबंध एवढाच, की नवरा वकील आहे आणि घरात त्याला बोलायची सोय नाही.)

तिच्या कामाबद्दल लोकांची दोनच मतं. ही बाई फुकटात जग फिरते, हे एक. आणि फिरून फिरून करते काय, तर लोकांची उष्टी ताटं उचलते, हे दुसरं. दोन्ही मतं एकाच तोंडातून, एका दमात निघायची. सासूबाईंनी त्यावर आपला तोडगा काढला होता. कोणी विचारलंच तर सांगायचं, "सूनबाई विमानतळावर ऑफिसात असते." ऑफिसातली बाई पहाटे चारला ओठ रंगवून, चाकांची बॅग खडखडवत कुठल्या फायली बघायला जाते, हे विचारायची टाप कोणाची नव्हती. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. पट्टी गेली तरी नजर शाबूत.

कंपनी बंद पडून अकरा महिने झाले होते. बंद झाल्याचं तिला फोनवरच्या एका ओळीने कळलं, तेही परक्या शहरात, गणवेश घालून हॉटेलातून निघता निघता. तेव्हापासून अर्ज सुरू. कुठे वय सत्तावीसच्या आत हवं, कुठे उमेदवार अविवाहित हवी, कुठे "चेहरा ताजा" हवा, जसं काही भाजीच घ्यायचीय. आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवणारा नवरा रोज संध्याकाळी एकच विचारायचा, "आलं का काही?" बिचारा काळजीने विचारायचा, पण तिच्या अंगावर काटा यायचा.

मग एका नव्या कंपनीची जाहिरात आली. अनुभवींना प्राधान्य, वयाची अट चाळीस. तिला चाळीस पूर्ण व्हायला चार महिने होते. म्हणजे ही शेवटची गाडी, नाही विमान म्हणा, पण चुकलं की चुकलं.

घोडं अडलं होतं खांद्यावर. डाव्या.

तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ विमानात चढले. हातात बॅग, बॅगेत दुकानात दाखवायचे फरशीचे नमुने. फोन कानाला लावून त्यांनी बॅगेकडे बोट केलं आणि मग वरच्या कप्प्याकडे. शब्द म्हणून नाही. नियम असा, की प्रवाशाची बॅग प्रवाशाने उचलायची. पण नियम सांगितला की दुसऱ्या दिवशी तक्रार येते, "कर्मचारी उद्धट". आणि उचलताना काही झालं तर कंपनी म्हणते, ते तुमचं कामच नव्हतं. तिने उचलली. खांद्यात कट्‌कन वाजलं. गृहस्थ फोनवर म्हणाले, "हां, बोल." ते तिला नव्हतं. तिने त्यांना हसून पाणी विचारलं आणि पुढचे पाच तास उजव्या हाताने काम केलं. रजा नाही, उपचार आपले आपण. हात पुढे मागे नीट जायचा, कानाच्या वर नेला की डोळ्यांपुढे काजवे.

आणि भरतीची पहिली परीक्षा म्हणजे हात वर करणं! अनवाणी, चवड्यांवर उभं राहून दोन्ही हातांची बोटं दोनशे बारा सेंटिमीटरच्या रेघेला लावायची. संकटात लागणारं सामान विमानात तेवढ्या उंचीवर असतं. महिनाभर तिने घरात सराव केला. नवरा स्टुलावर चढून टेप धरायचा.

"अहो, टेप सरळ धरा."

"टेप सरळच आहे. तूच वाकडी होतेस."

हे मात्र खरं होतं. तिने युक्ती काढली होती. कंबर किंचित डावीकडे वळवायची, बरगड्या ताणायच्या, खांदा आपोआप दोन बोटं वर जातो. वेदना होतात, पण दिसत नाहीत. वेदना न दिसू देण्याचा सराव सतरा वर्षांचा होता, त्याला वेगळा महिना लागला नाही.

भरती एका हॉटेलच्या सभागृहात होती. शंभरेक मुली, सगळ्यांचे अंबाडे एकाच साच्यातून काढल्यासारखे. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने तिच्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, तुम्ही मुलाखत घेणार आहात का?"

"नाही गं, देणारे."

"सॉरी हं काकू," असं म्हणून त्या पोरीने जखमेवर मीठ टाकलं आणि वर गोड हसलीसुद्धा. धंद्यात नाव काढणार.

रेघेपाशी तिचा नंबर आला. कंबर वळवली, बरगड्या ताणल्या, हसली. बोटं लागली. फूटपट्टीवाल्याने खूण केली.

मुलाखत घ्यायला बॉबकटवाल्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. स्वतः कधीकाळी उडालेल्या, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. पाठ ताठ, पाय जुळलेले. सगळ्यांना त्या एकच विचारत होत्या, "तुमचं काम काय?" मुली सांगत होत्या पाहुणचार, प्रसन्नता, पाहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू.

हवाईबाई म्हणाली, "नव्वद सेकंदांत सगळ्यांना विमानाबाहेर काढणं. ती वेळ येत नाही, तोवर आम्ही चहा देतो."

बाई पहिल्यांदाच हसल्या. अर्ध्या तासाने त्यांनी तिला बाजूच्या खोलीत बोलावलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला. "तुम्हाला घेतलं असं समजा. या पोरींना विमानात सांभाळायला कोणीतरी जाणतं माणूस हवंच आहे. हा तब्येतीचा कागद भरा, सही करा, झालं."

अकरा महिन्यांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला. तिने पटापट भरायला घेतलं. मधुमेह, नाही. दमा, नाही. फिट, नाही. नववा प्रश्न: खांदा, मान किंवा पाठ यांना पूर्वी इजा? होय की नाही?

पेन थांबलं. बाईंनी ते पाहिलं. उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"रेघेपाशी कंबर वळवलीत, ती मी पाहिली," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटची तीन वर्षं मीही तसाच हात लावत होते. डॉक्टर तपासत नाही, नुसतं विचारतो. नाही लिहा. सगळ्याच लिहितात."

तिने पेन 'नाही'वर नेलं. आणि तिथेच तिला तिची सवय नडली. विमान सुटताना आणि उतरताना या बायका खुर्चीत हात मांडीखाली घेऊन गप्प बसतात ना, ते काही देखणेपणासाठी नसतं. मनातल्या मनात उजळणी चालू असते. दार कुठे, आग बाहेर आहे का, कोणाला हाक मारायची, काय ओरडायचं. सतरा वर्षांत ही उजळणी हाडांत मुरली होती. बसमध्ये, लिफ्टमध्ये, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा आपोआप सुरू व्हायची. तशीच आता झाली. दार. दाराची मूठ वर. दोन्ही हातांनी ढकल. दार उघडलं की एका हाताने बाजूचा दांडा घट्ट धरायचा, कारण मागून येणारी गर्दी पहिल्यांदा तुलाच बाहेर फेकते. आणि ती ज्या दाराशी कायम बसायची, तिथे तो दांडा डावीकडे होता. वर.

तिने दांडा धरून पाहिला. मनातच. हात सुटला. पुन्हा धरला. पुन्हा सुटला. मागे सगळी माणसं होती, फरशीवाले गृहस्थसुद्धा.

तिने 'होय'वर खूण केली.

"अहो, काय करताय!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "आता मला काही करता येणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज, असा नियम आहे."

"सहा महिन्यांनी मी चाळीस पार असेन."

"म्हणूनच म्हणतेय ना!"

तिने सही केली, पेन परत दिलं आणि सवयीने म्हणाली, "थँक यू, मॅम." मग स्वतःचाच राग आला.

घरी पोचली तेव्हा जिन्यात वकिलीणबाई उभ्या होत्याच. "काय, पुन्हा उडणार का?" तिने नकारार्थी मान हलवली आणि वर गेली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं काहीतरी मागून ऐकू आलं.

नवरा दुकानातून लवकर आला होता. सगळं ऐकून तो खुर्चीत बसला. "घेतलं होतं तुला? आणि तू... अगं, एका खुणेने काय बिघडणार होतं?"

"दार उघडलं नसतं माझ्याच्याने."

"सतरा वर्षांत कितीदा उघडलंस तसं?"

"प्रशिक्षणात. खरोखरी एकदाही नाही."

"मग?"

"मग काय? रोज तयार बसायचे. त्याचाच पगार होता, ताटांचा नव्हे."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि ती हात मांडीखाली घेऊन काय करते, हे नवऱ्याने आज पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

सासूबाई आतून आल्या. सगळं ऐकलं होतं हे उघडच होतं. त्या घरात भिंतींना कान नव्हते, सासूबाईंना होते.

"खरं लिहिलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. तिने चमकून वर पाहिलं. पण सासूबाईंचं वाक्य संपलं नव्हतं. "पण खऱ्याला नोकरी कोण देतं, तेही सांग. आता पुढे काय?"

"माहीत नाही, आई."

"विचारलं कोणी तर काय सांगू?"

तिने उजव्या हाताने डावा खांदा दाबला. खांदा ठणकत होता, आणि रेघेपाशी ताणल्यापासून तो हात आता कानापर्यंतही जात नव्हता.

"विमानात होती म्हणून सांगा," ती म्हणाली. "ऑफिसात नाही. विमानात."

सासूबाईंनी 'हं' केलं. त्या तसं सांगतील की नाही, याचा भरवसा घरात कोणालाच नव्हता.