चंद्रभानने निवडलेली व्हायोलिनं

आमच्या शेजारचा चंद्रभान ढाकणे व्हायोलिन वाजवायला खुर्चीवर कधी बसला नाही. तो खाली मांडी घालायचा, उजवा पाय जरा पुढे काढायचा आणि व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवायचा. बोईसरमध्ये असं वाजवणारा दुसरा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. तो मूळचा बीडकडचा. ऐन तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात लागला आणि कॉलनीतल्या रामनाथ नावाच्या तमिळ इंजिनिअरांकडे पाळी संपवून व्हायोलिन शिकायला जाऊ लागला. हात स्वच्छ असतील तरच वाद्याला हात लावायचा, अशी साहेबांची अट होती. चंद्रभानच्या नखांतला निळा रंग काही केल्या जाईना, तेव्हा साहेबांनी ती अट सोडून दिली.

त्यामुळे आमच्याकडच्या हळदीच्या गाण्यातसुद्धा त्याचा सूर दक्षिणेकडून फिरून यायचा. एका सुरावरून दुसऱ्यावर तो उडी मारत नसे. हलत, डोलत, मधलं सगळं अंतर चालत जायचा.

कारखाना गुजरातेत गेला आणि चंद्रभान एका औषध कंपनीच्या गेटवर बसू लागला. तिथे त्याला सगळे ‘ओ वॉचमन’ म्हणत. कलाकार म्हणून त्याला हाक मारणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे भाग्येशचा स्टुडिओ.

भाग्येश चुरी माझा शाळेतला विद्यार्थी. घिवलीचा, घरची नारळाची वाडी. वाडीत त्याचं मन कधी रमलं नाही. नवापूर रोडला हार्डवेअरच्या दुकानावर खोली घेऊन त्याने गाणी रेकॉर्ड करायला सुरुवात केली. हळदीची, गौरीची, मंडळांची गाणी. अशा गाण्यात मागे व्हायोलिनचा भरलेला ताफा असला की गाणं मोठं वाटतं. ताफा आणायचा कुठून? म्हणून चंद्रभान एकच ओळ आठ वेळा वाजवायचा आणि भाग्येश त्या आठही संगणकात एकावर एक ठेवायचा.

यात एक अडचण असते. एकाच माणसाने एकाच जागी बसून आठदा वाजवलं तर ते आठ माणसांसारखं ऐकू येत नाही, सुजलेल्या एका माणसासारखं ऐकू येतं. म्हणून चंद्रभान दर वेळी जागा बदलायचा. कधी माइकजवळ, कधी कपाटाशी, कधी भिंतीकडे तोंड करून. आणि दर वेळी तो वेगळा माणूस व्हायचा. एक अगदी सरळमार्गी. एक सुरावर नेहमी खालून चढणारा. एक पहिली पाळी करून आलेला, म्हणून किंचित मागे राहणारा. एकाला गाडी पकडायची घाई. हे सगळे त्याने मनात ठरवून ठेवले होते आणि त्यांच्याबद्दल तो शेजाऱ्यांसारखं बोलायचा. घरी आला की त्याची बायको रंभाबाई विचारायची, “वाजवायला आठ जण गेले होते, जेवायला एकच कसा आला?”

पुढे पालघरच्या चिरागची कामं येऊ लागली. चिरागचं गाण्यांचं मोठं चॅनल होतं आणि त्याला सगळं लवकर हवं असायचं. आठ वेळा वाजवण्यात अख्खा दिवस जाई. भाग्येशने ठरवलं की आता स्ट्रिंग्जची, म्हणजे व्हायोलिनांची, लायब्ररी घ्यायची. परदेशात चांगले वादक बसवून त्यांच्याकडून एकेक सूर वेगवेगळ्या तऱ्हेने वाजवून घेतात. लांब, तुटक, हळू, जोरात. ते हजारो तुकडे संगणकात येतात आणि की-बोर्डची पट्टी दाबली की तो सूर वाजतो. याला ते लायब्ररी म्हणतात. अशा अनेक मिळतात आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

भाग्येशने चंद्रभानपासून काही लपवलं नाही. माझ्यासमोरच म्हणाला, “काका, मागचा ताफा मी मशीनवर घेतो. पुढं तुमीच. सोलो तुमचा. पण निवडायला मला तुमी पायजे. माझा कान ढोलावर वाढलाय.”

चंद्रभानला हे फार आवडलं. रविवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत जायचा. एक-दोनदा मलाही नेलं. पहिल्या लायब्ररीत सगळी व्हायोलिनं एका क्षणी सुरू व्हायची आणि एका क्षणी थांबायची. चंद्रभान म्हणाला, हे वाजवत नाहीत, कवायत करतात. दुसरी एखाद्या प्रचंड दालनात रेकॉर्ड केलेली होती; सूर सोडला तरी मागे घुमत राहायचा. ती ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हीच घे, म्हणाला. भाग्येशने ती हळदीच्या गाण्याखाली लावली. ढोल आणि गाणारी बाई आमच्या पुढ्यात, व्हायोलिनं कुठल्या कुठे.

“काका, नवरी इथं हाय नि वऱ्हाड पार तिकडं मासवणला,” भाग्येश म्हणाला.

चंद्रभान इतका हसला की त्याला ठसका लागला. मग दोघं पुन्हा कामाला लागले. एकाला जे कळायचं नाही ते दुसऱ्याला कळायचं. तिसऱ्या लायब्ररीत सूर खाली घसरायचा छान, पण वर चढताना अडखळायचा. ती गेली. चौथी थोड्याच वादकांची होती, लहान खोलीतली, कोरडी. मधेच कुणाच्या तरी खुर्चीची बारीक करकर. चंद्रभानने ती डोळे मिटून ऐकली. पुन्हा लाव म्हणाला. परत एकदा लाव म्हणाला.

“डावीकडे एक म्हातारा बसलाय. गज उशिरा उलटतो. यात माणसं आहेत बाबा. हीच घे.”

ती गाण्याखाली लावली तेव्हा मलासुद्धा कळलं की निवड अचूक आहे. कवायतवाली गळ्यात मारून तो आपली जागा राखू शकला असता. असलं काही त्याच्या मनाला शिवलंही नाही.

रंभाबाईच्या मात्र ते लगेच लक्षात आलं. “तुमच्या जागी बसायला माणसं तुमीच पसंत करून आलात का?” तिने विचारलं. त्यावर चंद्रभान तिला समजावत बसला. कॉलनीत गणपतीला नोकरदारांचा ऑर्केस्ट्रा व्हायचा, त्यातलाच दाखला त्याने दिला. मागे बसणारे कच्चे असले की पुढच्यालाही तेच सांभाळत बसावं लागतं. मागे पक्के असले तर तो मोकळा वाजवतो, उठून दिसतो. आता माझं वाजवणं उठून दिसेल. हे त्याने मलाही सांगितलं आणि मला ते पटलं.

पहिल्याच गाण्यात भाग्येशने शब्द पाळला. दोन कडव्यांच्या मधली सगळी जागा चंद्रभानला दिली आणि त्याने फार चांगलं वाजवलं. चिराग ऐकायला आला. मागची व्हायोलिनं ऐकून म्हणाला, एकदम पिक्चरसारखं झालंय. सोलो आल्यावर त्याने मान वर केली.

“हे मधेच कोण रडतंय?”

भाग्येश त्याच्याशी भांडला. खरंच भांडला, ते त्याच्या खात्यावर जमा आहे. चिराग गेल्यावर त्याने सोलोचा आवाज कमी करून पाहिला, आणखी कमी करून पाहिला. शेवटी चंद्रभाननेच त्याला थांबवलं.

“त्याचं बरोबर आहे. बेसूर वाटतंय. ते नाही, मी.”

आणि ते तसंच होतं. पूर्वी मागे आठ चंद्रभान असायचे. पुढचा चंद्रभान एखाद्या सुराकडे डोलत निघाला की मागचे आठही आपापल्या चालीने त्याच वाटेने जायचे. आता मागे परके लोक होते, प्रत्येक सुरावर नेमके आणि सरळ उभे. त्यांच्यापुढे हा एकटाच वाकडा दिसत होता. ते इतके चांगले नसते तर इतका वाकडा दिसलाही नसता.

त्यानंतर काही महिने तो घरी सरळ सूर काढायची मेहनत करत होता. आमची भिंत एकच. रामनाथ साहेबांनी जे हातात घातलं होतं ते हातातून काढायला बसल्यासारखं ते ऐकू यायचं. सूर सरळ झाले, पण त्यांत जीव राहिला नाही. मग तेही बंद पडलं.

भाग्येश त्याला बोलवत राहिला, ऐकायला. मशीनची व्हायोलिनं कुठे मशीनची वाटतात ते काकांनी सांगायचं. चंद्रभान जायचा. इथे एकाला मागे ठेव, इथे एकाला खालून चढव, असं सांगायचा आणि भाग्येश पडद्यावर ते सूर सरकवायचा. आपल्या आठ जणांच्या सगळ्या सवयी त्याने एकेक करून तिथे देऊन टाकल्या. ती गाणी खूप चालली. दांडी गावातल्या एका हळदीत एक गाणं लागलं तेव्हा ओळखीच्या माणसाने चंद्रभानच्या पाठीवर थाप मारली, काय वाजवलंय म्हणाला. चंद्रभान म्हणाला की मी नाही वाजवलं. त्या माणसाला तो विनय वाटला.

हळूहळू बोलावणी कमी झाली. भाग्येशचाही आता कान तयार झाला होता.

गेल्या दिवाळीनंतर तो चंद्रभानच्या घरी आला. मी तिथेच होतो. रंभाबाई आणि चंद्रभान वालाच्या शेंगा सोलत होते. भाग्येशला आणखी एक लायब्ररी घ्यायची होती आणि दोन मनात होत्या. त्याने लॅपटॉप उघडून दोन्ही वाजवून दाखवल्या. दुसरी इतकी कचकड्याची होती की माझ्यासारख्यालाही ते कळलं.

चंद्रभान शेंगा सोलत राहिला. म्हणाला, “दोन्ही चांगल्या आहेत.”

“नाय काका, नीट ऐका ना. परत लावतो.”

“कोणतीही घे.”

भाग्येशने माझ्याकडे पाहिलं. त्याने परत लावली नाही. चहा घेतला, काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली, घिवलीच्या वाडीतले नारळ पिशवीतून काढून ठेवले आणि गेला.

त्याची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली तेव्हा रंभाबाईने विचारलं, “खरंच सारख्याच होत्या का हो दोन्ही?”

“कुणाला ठाऊक,” चंद्रभान म्हणाला. “ऐकल्याच नाहीत मी.”