काळपट पडद्यावरचे खडक

मी नववीत असताना शाळेत दोन कॉम्प्युटर आले. एकाला रंगीत मॉनिटर होता, दुसऱ्याला कुणाच्या तरी घरचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडलेला. मॉनिटर मुलग्यांना, टीव्ही आम्हा मुलींना. मी कारण विचारलं, तर सर म्हणाले, "तुम्हाला रंग कशाला? दारात रांगोळी घालता ना, तेवढे पुरेत." सगळा वर्ग हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझे बाबा मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर तांडेल. बोट त्यांच्या शब्दावर चालायची. म्हणून मी बोटीचाच खेळ करायचं ठरवलं. खडक चुकवत बंदरात शिरायचं, एवढाच. पडद्यावर आडवे एकशे साठ ठिपके, उभे दोनशे छप्पन्न. तेवढे चौकोन मोजून मी आलेखाचे कागद एकमेकांना चिकटवले आणि पेन्सिलीने एकेक चौकोन भरत बसले. बाबांनी कागद नीट न्याहाळला. "ह्या दोन खडकांमधनं ओहोटीला बोट नाय जायची गो," म्हणाले. मी एक खडक सरकवला.

खेळ झाला, कॅसेटवर साठवला. पण निळा समुद्र आणि लाल खडक, टीव्हीवर दोन्ही सारखेच काळपट. त्यात ठिपके एकमेकांत फिसकटलेले. खडक दिसायचाच नाही, बोट फुटल्यावर कळायचं. मॉनिटरवर दहा मिनिटं द्या म्हणून मी तीनदा विचारलं. तीनदा नाही. तिथे मुलगे विमानं पाडत होते.

मग तपासणीसाठी बाहेरचे साहेब आले. "ही तांडेलाची मुलगी," म्हणत सरांनी मला टीव्हीपुढे बसवलं. पहिल्याच खडकावर बोट आपटली. दुसऱ्यांदाही तेच. साहेब हसून म्हणाले, "तांडेलाची मुलगी ना तू?"

मी उठले. कॅसेट काढली आणि सरळ मॉनिटरकडे गेले. "साहेब, थोडं थांबा. इथे खडक दिसतील."

खेळ कॅसेटवरून चढायला वेळ लागायचा. तेवढ्यात सर आले, टेप चालू असतानाच झाकण उघडून त्यांनी कॅसेट ओढली. फीत आत अडकली, ताणली गेली, तुटली.

"जागेवर बस," एवढंच म्हणाले.

वर्षभर मला त्या खोलीत पाऊल टाकायला बंदी झाली. उद्धटपणा केला म्हणून. बाबा धुवट सदरा घालून शाळेत आले. माफी मागतील असं सरांना वाटलं असावं. बाबा म्हणाले, "पोरीनं काय केलान ते मला बघायचं हाय. तिला परत करू द्या."

"इथे खेळ चालत नाहीत," सर म्हणाले. मागे मुलग्यांच्या विमानांचा ढिशुम ढिशुम आवाज येत होता.

पुढे मी कॉम्प्युटरचे खेळ करायच्याच धंद्यात पडले, पुष्कळ पडदे रंगवले. तोवर बाबा राहिले नव्हते. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोडून दे. का सोडू?