तीन दिवसांची खोपडी

माझे काका डाकेचे हरकारे. देऊळघाटाच्या वाटेवर थैली खांद्यावर टाकून धावण्यात त्यांचा जन्म गेला. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, धावायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांचा मुलगा आणि मी एका ताटात जेवलो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं किती लागलं ते कळेल.

एरवी काकांचा टप्पा बेताचाच. पण पुढचा हरकारा आजारी पडला की ते दोघांची धाव एकट्याने करून यायचे. तशी लांब धाव झाली की तीन दिवस मळ्यातल्या खोपडीत, गवताच्या झोपडीत, राहायचे, कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. काकू भाकरीचं टोपलं लांब ठेवून परतायची. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नवस हाये." लोक म्हणत, म्हाताऱ्याला मस्ती आली आहे. मीही हसायचो.

काकांचे गुडघे गेले आणि जागा रिकामी झाली. डाकेचे बाबू म्हणाले, दोघं पोरं पहाटे निघून पार चिखलीला धावत जाऊन परत या, आधी येईल त्याने आठव्या दिवशी थैली घ्यावी. मी दिवस मावळायच्या आत परतलो. चुलतभाऊ आला तेव्हा कंदील लागले होते.

गावात तेव्हा खोकल्यातापाची साथ होती. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाय, घरोघर पाया पडून ये. लोकं वाट पाहून राह्यले."

मी गेलो. प्रत्येक दारी गूळ खाल्ला, त्यांच्याच तांब्याने पाणी प्यालो, खोकणाऱ्या म्हाताऱ्यांनी मला कवटाळलं. चुलतभाऊ मात्र थेट खोपडीत गेला. हरल्याची लाज वाटत असेल, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला त्याची कीव आली.

चौथ्या दिवशी मला ताप भरला. आठव्या दिवशी उभं राहवेना, छाती कफाने भरली होती. थैली चुलतभावाने घेतली. लोक म्हणाले, दैव देतं आणि कर्म नेतं. मी माझ्याच अंगाला शिव्या दिल्या. जिंकून आणलं आणि ऐन वेळी अंगानेच दगा दिला, असं मी वर्षभर मानत होतो. ताप गेला, पण खोकला गेला नाही. पुन्हा धावणं झालं नाही.

मग एकदा चुलतभाऊ दोन टप्प्यांची धाव करून आला. काकू माहेरी होती. काकांनी टोपलं माझ्या हाती दिलं.

"लांबच ठेव. तुले खोकला हाये, जवळ जाऊ नको. लय धावलं की अंगाचं कवाड उघडं राह्यते. तीन दिवस कोणाचा आजार आत शिरू नये."

मी जागचा हललो नाही. "काका, त्या दिवशी माहं कवाड उघडं नव्हतं काय?"

ते म्हणाले, "तुले सांगाचं राहून गेलं बे."

राहून गेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी ते एकाला सांगितलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ज्या हाताने घास भरवला त्याच हाताने.

मी मळ्यात गेलो. चुलतभाऊ खोपडीच्या दारात बसला होता, मला पाहून हसला आणि म्हणाला, "ये ना." पाच पावलं गेलो असतो तर पुरे होतं. मी टोपलं बांधावरच ठेवलं, तोंडावर उपरणं दाबलं आणि खोकत खोकत माघारी फिरलो.